जंतांची पुडी आणि पलासियाचे कोट

आई,

आज दुकानात एक बाई जंतांची गोळी मागायला आल्या. नातवासाठी हवी होती. मी फळीवरून पाकीट काढून समोर ठेवलं. स्ट्रॉबेरीच्या चवीची, चावून खायची गोळी. एक खाल्ली की काम झालं. बाईंनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, चष्मा वर सरकवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बेटा, इसके पहले गुड़ देना पड़ता है क्या?" मला इतकं हसू आलं की आतल्या खोलीत बसलेले आमचे दुकानमालक मान वर करून बघायला लागले. मी म्हटलं, "नहीं माताजी, अब गुड़ का काम नहीं रहा." बाई निघून गेल्या, पण त्या गुळाची चव माझ्या तोंडात संध्याकाळपर्यंत राहिली. दिवसभर औषधं देताना मी मनातल्या मनात तुझ्याशीच बोलत होते. शेवटी म्हटलं, लिहूनच टाकावं. ती गोष्ट तुला माहीत आहे, तू तर तिच्यात सगळ्यांच्या पुढे उभी आहेस. पण तिचा एक तुकडा माझ्यापाशी राहून गेलाय, तो तुला कधी सांगितला नाही. तिथपर्यंत पोचायला मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. तुला घाई नसेल असं धरून चालते.

आपली इंदोरची मिल बंद झाल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. भोंगा वाजायचा थांबला आणि आपल्या घरातली पहिली पडझड झाली ती दुधाची, कारण तू दूध भोंग्यावर तापवायचीस. भोंगा झाला की गॅस बंद, असा तुझा हिशोब. पुढे कितीतरी दिवस दूध उतू जायचं आणि तू मिलमालकाला शिव्या घालत ओटा पुसायचीस. बाबा मिलच्या तपासणी खात्यात होते. कापड बाजारात जाण्याआधी त्याच्यावर शेवटची नजर त्यांची. उत्तरेच्या मोठ्या खिडकीपाशी पांढरा लठ्ठा त्यांच्यासमोरून सरकत जायचा, आणि कुठे डाग, कुठे पिवळट झाक, कुठे धुलाई कमी पडलेली, ते बसल्या जागी सांगायचे. आपल्याला जो नुसता पांढरा दिसतो त्यात त्यांना दुधी, राखी, चुन्याचा, शंखाचा असे किती पांढरे दिसायचे. कापड चांगलं असलं की ते एकच शब्द म्हणायचे, "पास." घरीसुद्धा तसंच. तू केलेली आमटी पास, माझी वेणी पास, धाकट्याची प्रगती नापास. मिल बंद झाल्यावर मात्र हा शब्द घरातून गेला. बाबा खुर्चीवर बसून पेपर वाचायचे. पेपरात देश कसा आता जगाला दारं उघडी करणार ते छापलेलं असायचं, आणि आपल्या मिलच्या दाराला तेवढं कुलूप.

इंदोरजवळच्या बेटमा गावी राहणाऱ्या काकांचा निरोप त्याच दिवसांत आला. त्यांचं खताचं दुकान होतं. "दुकानावर बसा, मागे खोली आहे, पोरांना इथल्या शाळेत घाला, उगीच इंदोरात काय धरून ठेवलंय," असा. बाबांनी जवळजवळ हो म्हटलं होतं. तू नाही म्हटलं नाहीस, पण हो सुद्धा म्हटलं नाहीस. नुसती भांडी जोरात घासलीस. मला सातवीतून आठवीत जायचं होतं, इथल्या शाळेत माझा चांगला नंबर येत होता, आणि तुझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलेली होती की पोरं इंदोरातच शिकणार. बेटमा वाईट म्हणून नव्हे. एकदा इथून उठलो की परत येणं होणार नाही, हे तुला बाबांच्या आधी कळलं होतं. काकांना महिनाअखेर कळवायचं होतं.

तेवढ्यात शेजारची भाभी ती बातमी घेऊन आली. भाभी इंदोरातल्याच पलासिया भागात एका लहान मुलांच्या दवाखान्यात आया होती. पलासियात तेव्हा नवे नवे दवाखाने, काचेची दारं, कोचिंगच्या पाट्या असं सगळं उगवायला लागलं होतं. ती तुलाही भाभीच म्हणायची. दारातूनच म्हणाली, "भाभी, मैडम का धोबी गाँव चला गया. कोट धोने वाला ढूँढ रही हैं. मैंने तो तुम्हारा नाम बोल दिया, हाँ. एक बार का देखेंगी, अच्छा लगा तो बंधी पक्की." बंधी म्हणजे महिन्याचं बांधलेलं काम. तू हातातलं पीठ झटकलंस आणि विचारलंस, "कब लाने का?" बस्स, एवढंच. बाबा आतून म्हणाले, "अगं, लोकांचे कपडे धुणार तू?" आत्या तर नंतर मुद्दाम येऊन हेच बोलून गेली. तू तिला चहा दिलास आणि म्हणालीस, "धुणारच. मळके ठेवायचे पैसे कुणी देत नाही ना." आत्याने चहा अर्धा ठेवला.

कोट शनिवारी आले, सोमवारी सकाळी पोचवायचे होते. मधला रविवार हा आपल्या घरात जंतांच्या औषधाचा निघाला, आणि ह्याला कारण धाकटा. तो झोपेत करकरा दात खायचा, हे तू मिलच्या दवाखान्यातल्या कंपाउंडर काकांना सांगितलं होतंस. दवाखानाही बंद झालेला, काका आपल्याच लाइनीत शेवटच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि कपाटं रिकामी करताना हाती आलेल्या बाटल्या घरी आणून जपायचे. ते एक तपकिरी बाटली घेऊन आले. "वहिनी, एकदम असली माल आहे, सँटोनिन. किरमाणी ओव्यातून काढतात, काश्मीरच्या बाजूने यायचा तो. आजकाल कोणी ठेवत नाही, सगळे गोळ्यांच्या मागे लागलेत. हे म्हणजे जंतांचा बाप." मग त्यांनी कागदाच्या पुड्या बांधल्या, मोठ्यांना मोठी, पोरांना इवलीशी. उपाशीपोटी आधी गूळ खायचा, म्हणजे जंत गुळासाठी गोळा होतात, मग पुडी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एरंडेल. बाटली उजेडात ठेवू नका म्हणाले, पांढरी भुकटी पिवळी पडते. काका सगळं सांगून गेले. एवढंच सांगायचं राहिलं की उजेडात जसं ते औषध पिवळं पडतं तसं ते पोटात गेलं की जग.

तुझा कायदा असा की जंतांचं औषध घ्यायचं तर अख्ख्या घराने एकाच दिवशी घ्यायचं. एकजण राहिला की त्याच्याकडून परत सगळ्यांना. बाबा म्हणाले, "अगं, मिल बंद आहे, माझे जंतही बेकार बसले असतील, त्यांना कशाला त्रास?" तू गुळाचा खडा त्यांच्या तोंडाजवळ नेलास आणि त्यांनी आ केला. मग आम्ही चौघं ओट्याजवळ रांगेत उभे. गूळ गोड लागतोय, त्यामागून येणारी पुडी कडू, धाकट्याचा चेहरा बघून मला हसू फुटलंय, माझं बघून तुला, आणि तू हसायला लागलीस की तुझ्या तोंडातून शब्द निघायचे नाहीत, नुसते हात हलायचे. त्या हलणाऱ्या हातांनी तू बाबांना पाणी दिलंस.

मग तू कोट घेतलेस. त्या दिवशी नळाला नर्मदेचं पाणी आलं नव्हतं, बोरिंगच्या पाण्यावर भागवायचं होतं. वरून उन्हाळा, सकाळपासून धुळीची आंधी, आकाश मातकट. सोडा घातलेल्या पाण्यात कोट उकळले, दगडावर आपटले, मुठींनी चोळले. एका कोटाच्या खिशात शाईचा मोठा डाग होता, तो लिंबू आणि मीठ लावून काढलास, पार काढलास. खळबळून वर धरलेस आणि तुझा चेहरा उतरला. "पिवळे पडले गं." मी पाहिलं. खरंच पिवळे. अगदी वरणावरच्या तुपासारखा रंग. "ह्या बोरिंगच्या पाण्याने घात केला," असं म्हणून तू नीळ काढलीस. धाकटा आतून ओरडला की भात पिवळा झालाय. बाबा म्हणाले, रेशनचा तांदूळ आहे, तसाच असतो. मी म्हटलं, भिंत पण पिवळी दिसते. तू म्हणालीस, मिल बंद झाल्यापासून चुना कोण मारणार, दिसणारच. आता आठवलं की मला नवल वाटतं आणि वाटतही नाही. त्या वर्षी आपल्या घरातल्या प्रत्येक वस्तूजवळ पिवळं पडायला कारण तयार होतं. चार माणसांना एकाच दुपारी सगळं पिवळं दिसतंय आणि एकालाही त्याचं काही वाटलं नाही.

नीळ घातलीस. कोट बुडवून काढलेस. पिवळेच. तू बाबांना हाक मारलीस, "अहो, जरा बघा हो." बाबा खुर्चीवरून उठले. आई, कितीतरी महिन्यांनी ते कुणाच्या कामासाठी उठले होते. त्यांनी कोटाची बाही दोन बोटांत धरली, उजेडाकडे तिरपी केली, मिलमध्ये करायचे तशीच मान कलती केली आणि म्हणाले, "झाक आहे. अजून एक हात लागेल." त्यांच्या आवाजात मिलचा आवाज परत आला होता. तू पुन्हा नीळ कालवलीस. बादलीतलं पाणी शाईसारखं झालं असणार, पण आम्हाला ते साधंच दिसत होतं. त्यांनी पुन्हा पाहिलं. "अजून." मग तुलाही हुरूप आला. म्हणालीस, नीळ कालवलीच आहे तर घरचेही पांढरे काढून घेऊ. बाबांचा सदरा, धाकट्याचा शाळेचा शर्ट, पलंगावरची चादर, सगळं त्याच बादलीत.

मग भाभी आली. ती बादली भरायला बोरिंगकडे चालली होती, आपल्या पडवीतल्या तारेकडे बघून जागीच उभी राहिली. "हाय राम. भाभी, यो कंई कर्यो? इत्ता नीला?" तू कमरेवर हात ठेवलास. "नीला कहाँ है? सफ़ेद तो है." भाभीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सफ़ेद है भाभी." बाबा बाहेर आले, त्यांनी अधिकारवाणीने सांगितलं, "एकदम सफ़ेद." धाकट्यानेही मान डोलावली. चार साक्षीदार आणि बिचारी एकटी भाभी. ती डोळे चोळत पुढे गेली, परत वळून बघितलं, पुन्हा डोळे चोळले. ती दिसेनाशी झाल्यावर तू हळूच म्हणालीस, "हिला मोतीबिंदू होतोय वाटतं. काळजी घ्यायला सांगितलं पाहिजे." आणि आपण सगळे तिच्या डोळ्यांची काळजी करत चहा प्यालो. चहाही पिवळा होता, पण चहाचं काय, असतोच.

संध्याकाळी आंधी थांबली. कोट वाळले होते, तू ते काढायला गेलीस, आणि बाबाही आपण होऊन तुझ्या मागे गेले. तुम्ही दोघं तारेखाली उभे होतात. बाबांनी एकेका कोटावरून नजर फिरवली, कॉलर, बाह्या, घेर. मग म्हणाले, "पास." तू त्यांच्याकडे असं बघितलंस की काय सांगू. मग खळ दिलीस, कोळशाची इस्त्री फिरवलीस, घड्या घातल्यास, आणि स्वच्छ चादरीत गाठोडं बांधून ठेवलंस. ती चादरही त्याच बादलीतली.

सोमवारी सकाळी बाबांना आणि धाकट्याला एरंडेल मिळालं. तुझं आणि माझं तू दुपारवर टाकलंस, कारण आपल्याला टेम्पोने पलासियाला जायचं होतं आणि एरंडेल पोटात घेऊन टेम्पोत बसायची हिंमत तुझ्यातही नव्हती. वाटेत तू म्हणालीस, "आज ऊन कसं लख्ख पडलंय बघ." खरंच लख्ख होतं. रस्त्यावरच्या गाईसुद्धा धुतल्यासारख्या दिसत होत्या. तू खुशीत होतीस. गाठोडं मांडीवर, त्याच्यावर दोन्ही हात. मी गाठोड्याच्या चादरीकडे पाहत होते आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण चादर निळी कधीपासून झाली हे विचारावं इतकं माझं डोकं चालत नव्हतं. नंतर कळलं, त्याच वेळेला घरी बाबा धाकट्याचा शाळेचा शर्ट हातात धरून उभे होते. त्यांना सगळं एका क्षणात कळलं होतं. चप्पल घालून ते धावत सुटणारही होते, पण एरंडेलाने त्यांना दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. ते दाराकडे निघायचे आणि उलटे वळून संडासाकडे पळायचे. धाकटा तुला हे किती वेळा करून दाखवायचा, आठवतं?

दवाखान्यात भाभी आधीच आलेली होती. तिने आपल्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरीण बाई कडक होत्या, केस मागे ओढून बांधलेले, आवाज असा की पेशंटच्या आधी पेशंटची आई गप बसायची. टेबलावर गाठोडं ठेवलंस, गाठ सोडलीस. आणि तू स्वतःच एक पाऊल मागे गेलीस. असा निळा मी आजवर पाहिलेला नाही. आकाशाचा नाही, शाईचा नाही, जांभळाकडे झुकलेला, आणि त्यावर तुझी इस्त्री अशी कडक की घडीवर बोट फिरवलं तर कापेल. बाई म्हणाल्या, "हे काय आहे?"  मग तुझी नजर चादरीवर गेली, मग भाभीवर गेली. भाभी छताकडे बघत होती. आणि तुला हसू यायला लागलं. मला तर रडू येत होतं, मला समोर बेटमा दिसत होता, खताच्या दुकानामागची खोली दिसत होती, आणि तू तोंडाला पदर लावून हसत होतीस, हात हलवत होतीस. शेवटी कसंबसं म्हणालीस, "मॅडम, देवाशपथ सांगते, काल हे पांढरे होते. घरात चौघांनी बघितले."

बाई रागावणार होत्या, पण त्या 'चौघांनी'वर थांबल्या. त्यांनी विचारलं, "चौघांनी काल काय खाल्लं होतं?" तू गुळापासून सांगितलंस. सँटोनिन म्हटल्याबरोबर त्या खुर्चीवरून उठल्याच. "सँटोनिन? अजून मिळतं? अहो, हे मी फक्त पुस्तकात वाचलंय. त्याने माणसाला सगळं पिवळं दिसतं. परीक्षेला यायचं आम्हाला." आधी त्यांनी तुझे डोळे तपासले, माझे तपासले, भिंतीवरच्या चित्रातले रंग विचारले. मग रागावल्या, आणि चांगल्या रागावल्या. "इतकं जुनं औषध अंदाजाने पुडी बांधून मुलांना देतात का? थोडं जास्त झालं असतं तर लहान्याला फिट आली असती. कळतंय का तुम्हाला?" तुझं हसू गेलं. तू माझा हात घट्ट धरलास आणि म्हणालीस, "चुकलं मॅडम. परत नाही देणार." त्याच दुपारी तू कंपाउंडर काकांना घरी बोलावलंस, पुढ्यात चहा ठेवलास आणि चहा संपेपर्यंत त्यांना असं बोललीस की काकांनी ती बाटली आणि बाकीच्या सगळ्या बाटल्या स्वतःच्या हाताने खड्डा करून पुरल्या. हे मी पुढचं सांगितलं. आधी कोटांचं.

तू म्हणालीस, "मॅडम, मला दुपारपर्यंत द्या, परत पांढरे करून आणते." पण बाहेर पेशंट बसलेले, दुसरे कोट नव्हते. बाईंनी सुस्कारा टाकला, एक कोट उलगडला, खिसा बघितला. शाईच्या डागाची जागा त्यांनी दोनदा शोधली, सापडली नाही. कॉलर बघितली, बाही बघितली. आणि तो निळा कोट अंगात घातला. आपण बाहेर बाकावर बसलो, पेशंट संपले की कोट घेऊन जाऊ म्हणून. पहिलंच मूल आलं ते भाभीच्या ओळखीचं, दरवेळी दारापासून भोकाड पसरणारं. त्याच्या आईने आत डोकावून खुद्द बाईंनाच विचारलं, "मैडम कब आएँगी?" बाई अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "आती होंगी. तब तक मैं देख लूँ?" ते पोरगं डॉक्टर आलेली नाही ह्या खुशीत मांडीवर बसलं आणि आ करून घसा दाखवून मोकळं झालं. भाभी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी. दुपारपर्यंत हेच चाललं. एक मुलगी तर जाताना निळ्या कोटाला टाटा करून गेली. इंजेक्शनला मात्र सगळे रडले, ते काही निळ्यालाही ऐकत नव्हते.

पेशंट संपले तेव्हा बाईंनी कोट काढून तुझ्या हातात दिला. म्हणाल्या, "हॉस्पिटलला जाताना लागतात ते पांढरे करा. पण इथले असेच राहू द्या. बंधी तुमची. फक्त हाच रंग पाहिजे, रोज वेगळा नको." तू मान डोलावलीस. बाहेर आल्यावर, टेम्पोची वाट बघताना, तू मला म्हणालीस, "पण मला कुठे माहीत आहे हा कसा झाला? परत एक पुडी घेऊ की काय?" आणि आपण दोघी पलासियाच्या चौकात इतक्या हसलो की एक टेम्पो निघून गेला.

दारात बाबा उभे होते, एरंडेलाने आणि काळजीने पांढरेफटक. हातात धाकट्याचा शर्ट. "गेलं ना काम?" तू म्हणालीस, "लागलं." त्यांना खरं वाटेना. तू कोट त्यांच्यापुढे धरलास. "हा रंग पाहिजे. असाच्या असा. मला जमणार नाही, मला नुसतं धुता येतं. बघता तुम्हाला येतं." बाबांनी कोट उजेडाकडे तिरपा धरला. मग खुर्ची उचलून त्यांनी ती उत्तरेकडच्या दाराशी नेऊन ठेवली, आणि मला म्हणाले, "जुनं धोतर काढ गं एक." पुढचे दिवस आपल्या तारेवर धोतराच्या चिंध्या वाळत होत्या, प्रत्येकीला वेगळी गाठ मारलेली, म्हणजे कुठली नीळ किती पाण्यात ते कळावं. बाबा चिंधी कोटाजवळ धरायचे, मान कलती करायचे, नापास. पुन्हा चिंधी, पुन्हा नापास. मिल चालू असताना सुद्धा मी त्यांना इतकं नापास करताना आणि इतकं खूश पाहिलं नव्हतं. धाकट्याला त्या निळ्याशी घेणंदेणं नव्हतं, त्याचे जंत खरंच पडले होते आणि ते तो येईल त्याला सांगत होता. तू मात्र एक अट घातलीस. शेवटचा निकाल भाभीचा. त्या दिवशी अख्ख्या लाइनीत एकटीचे डोळे ठिकाणावर होते, तिने हो म्हटल्याशिवाय पास नाही. ज्या सकाळी बाबांना रंग सापडला असं वाटलं, त्या सकाळी तू भाभीला त्या मोतीबिंदूची आपली काळजी सांगून टाकलीस आणि खुर्चीवर बसवलंस. तिने चिंधी बघितली, कोट बघितला, बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "अब बोलूँ कि मोतियाबिंद है मुझे?" मग म्हणाली, "पास है भिया, पास है." बाबांनी तिला हात जोडले. बेटम्याच्या काकांना त्याच आठवड्यात नको म्हणून कळवलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. एक दवाखाना झाला, मग त्यांच्या ओळखीचा दुसरा, मग भाभी आया सोडून आपल्याकडे आली आणि तू तिला कधी कामावरची म्हणून बोलली नाहीस. माझं फार्मसीचं शिक्षण त्या बादल्यांतून झालं, आणि मी हा विषय का घेतला हे मला विचारलं की मी सँटोनिनची गोष्ट सांगते. आता मशीनं आहेत, धाकटा बघतो सगळं, त्याच्या पोराने गाडीवर नाव लिहून घेतलंय. त्या दवाखान्याच्या जागी कोचिंग झालं. तो निळा आता कोणी मागत नाही, पण मोठ्या मशीनशेजारी बाबांची ती शेवटची चिंधी धाकट्याने काचेत लावून ठेवलीय, आणि नवीन माणसाला पहिल्या दिवशी तीच दाखवतो.

घरात कुणाचं लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, ती कोटांची गोष्ट सांग. बाबा होते तोवर ते सांगायचे, आता मी सांगते. एरंडेलाचा भाग धाकटा करतो. भाभी फार म्हातारी झालीय, ऐकू कमी येतं, पण 'यो कंई कर्यो' तीच म्हणते, दुसऱ्या कुणाला म्हणू देत नाही. सगळे पोट धरून हसतात. मला त्या हसण्यात दरवेळी तुझे हलणारे हात दिसतात, आणि तू नसल्याचं इतकं वाईट वाटतं आणि इतका आनंद होतो की दोन्ही एकदम कसं होतं ते मला सांगता येणार नाही.

आता तो राहिलेला तुकडा. हे पत्र मी घडी घालून माझ्या साड्यांच्या खाली ठेवणार आहे, कुठे पाठवायचं असतं ते मला माहीत नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही. आई, मला ते कोट निळे आठवतच नाहीत. सोमवारी टेबलावर निळे पाहिले, पुढे कितीतरी वर्षं निळेच पोचवले, काचेतली चिंधी निळीच आहे. पण डोळे मिटून तो रविवार समोर आणला की आंधी थांबलेली असते, तारेवर कोट असतात, तुम्ही दोघं त्यांच्याखाली उभे असता, बाबा म्हणतात "पास", तू त्यांच्याकडे बघतेस, आणि कोट पांढरेशुभ्र असतात. इतकं पांढरं मी परत कधी काही पाहिलं नाही. गोष्ट सांगताना मी निळेच म्हणते, नाहीतर कुणी हसणार नाही.